दुर्बीण वाकली कशी?

निफाड-दिंडोरीहून नाशिकला पेशंट घेऊन आलेली माणसं ‘एंडोस्कोपी’ म्हणत नाहीत, ‘पोटात दुर्बीण टाकायचीय’ म्हणतात. वडिलांच्या तपासणीच्या वेळी मी ती दुर्बीण जवळून पाहिली. करंगळीएवढी काळी नळी, मुठीवरचं चाक फिरवलं की टोक सापासारखं वळत होतं.

पूर्वी हे वळणं नव्हतंच. १८६८ मध्ये जर्मनीत डॉ. कुसमाऊल यांनी पोटात घालायला सरळ, कडक नळी केली, तेव्हा ती गिळायला तलवार गिळणारा माणूस शोधावा लागला!

प्रकाश वळतो, हे मात्र ठाऊक होतं. १८४१ मध्ये जिनिव्हात कोलाडन यांनी पाण्याच्या वाकड्या धारेतून तो नेऊन दाखवला होता. अडचण चित्राची होती. काचेचा एक बारीक तंतू चित्राचा एकच ठिपका नेतो. म्हणून हजारो तंतू हवेत, आणि येवल्याच्या मागावर फणीत ओवलेल्या ताण्यासारखा प्रत्येकाचा क्रम दोन्ही टोकांना तोच हवा. १९३० मध्ये म्युनिकच्या हाइनरिक लाम या वैद्यकीय विद्यार्थ्याने अशा जुडीतून दिव्याच्या तारेचं चित्र नेलं, पण ते अंधूक आलं.

२ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी लवचीक जुडीतून चित्र नेल्याचं मांडलं. कपानींचा अभिमान मलाही आहे. पण त्याच अंकात डच शास्त्रज्ञ व्हान हील यांचं टिपण होतं, त्याची आठवण फार थोडे काढतात. तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश शेजारी झिरपतो, म्हणून प्रत्येकावर वेगळ्या पदार्थाचं आवरण हवं, हे त्यांनी दाखवलं. माझ्या मते खरी गाठ इथे सुटली. १९५६ च्या अखेरीस मिशिगनमध्ये कर्टिस या विद्यार्थ्याने वेगळ्या काचेच्या नळीत काचेची कांडी घालून, दोन्ही तापवून एकत्र तार ओढली. फेब्रुवारी १९५७ मध्ये डॉ. हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची दुर्बीण आधी स्वतःच्या घशाखाली घातली, पेशंटला नंतर.

१९८३ पासून टोकाशी कॅमेऱ्याची चिप आली. वडिलांचं जठर आम्ही पडद्यावर पाहिलं ते तिच्यामुळे. आत उजेड मात्र अजून काचतंतूच नेतात. २०१२ च्या सुमारास केसाएवढ्या एकाच तंतूतून चित्र काढणं प्रयोगशाळेत जमलं. त्यात प्रकाश पार विस्कटतो, आणि कशी विस्कट झाली हे आधी मोजून ठेवून चित्र परत जुळवतात. तंतू जरा वाकला की ते माप चुकतं. त्यावर अजून काम चालू आहे.