अतिशहाणा टीव्ही

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने त्याचा सीपीयू उचलून हॉलमध्ये आणला आणि एचडीएमआय केबलने ४३ इंची टीव्हीला जोडला. सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर, सोफा, शेजारी भडंगाचा डबा. जय्यत तयारी होती. पण चित्र आलं आणि त्याचा चेहरा पडला. खालचा टास्कबार अर्धा गायब, अक्षरं पुसट, काळा रंग धुरकट. "काका, टीव्हीच बिघडलाय." टीव्ही धडधाकट होता. जरा जास्तच शहाणा होता, एवढंच.

कॉम्प्युटरचा मॉनिटर आज्ञाधारक असतो. आला तो ठिपका तसाच दाखवतो. टीव्ही आलेल्या चित्रात सुधारणा करायला बसतो.

कापलेल्या कडांचं मूळ पिक्चर ट्यूबच्या काळात आहे. तेव्हा चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागे दडवत. नाट्यपंढरीत वाढलेल्यांना विंगेचं महत्त्व सांगायला नकोच! ट्यूब गेली, सवय मात्र राहिली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र ताणलं की कुठलाच ठिपका आपल्या जागेवर बसत नाही, आणि बारीक अक्षरं विरघळतात. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधायचा. अक्षरांच्या कडांना तरीही रंग दिसला तर त्या इनपुटला 'पीसी' असं नाव द्यायचं. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून टीव्ही बरेचदा रंगांचा तपशील निम्म्यावर आणतात. सिनेमात ते खपून जातं, लाल अक्षरांत उघडं पडतं.

काळा धुरकट दिसतो तो भाषेच्या घोटाळ्यामुळे. उजेडाची पातळी आकड्यात सांगतात. व्हिडिओच्या रिवाजात काळा म्हणजे १६ आणि पांढरा २३५. कॉम्प्युटरच्या रिवाजात ० आणि २५५. कॉम्प्युटर व्हिडिओच्या रिवाजाने काळ्यासाठी १६ पाठवतो, ० ते २५५ चा पूर्ण पट्टा धरून बसलेला टीव्ही त्याला राखाडी समजतो. दोन्हीकडे एकच पट्टा निवडला की काम झालं.

खरी गंमत गेममध्ये आली. पुतण्या क्रिकेट खेळत होता आणि प्रत्येक चेंडूला उशिरा बॅट फिरवत होता. हलतं चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही दोन फ्रेमच्या मधली एक फ्रेम मनाने रचतो. पण मधली रचायची तर पुढची हातात हवी! म्हणून तो थांबतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची; सगळ्या सुधारणा मिळून सहा फ्रेमचा उशीर झाला, तर सेकंदाचा दहावा भाग गेला. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात जवळजवळ ४ मीटर पुढे येतो, आणि अख्खी खेळपट्टी २० मीटरची. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच रोखून धरतो. 'गेम मोड' लावला की ही कारागिरी बरीचशी बंद होते. लावला, आणि पहिल्याच षटकात दोन चौकार.

सिनेमाचं गणित वेगळं. तो सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० वेळा ताजा होणारा. २४ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र अडखळतं. टीव्ही घेत असेल तर सिनेमापुरता कॉम्प्युटरचा रिफ्रेश रेट २४ वर न्यावा. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजा होणाऱ्या टीव्हीवर हा प्रश्नच नाही, प्रत्येक फ्रेम पाचदा.

केबलबद्दल थोडक्यात: फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सुमारे १,२०० कोटी बिट जावे लागतात. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीची मर्यादा १,०२० कोटी, २.० ची १,८०० कोटी. जुन्या पोर्टवर म्हणूनच ३० हर्ट्झवर समाधान मानावं लागतं आणि माउसचा बाण उड्या मारतो. वायफायवरून चित्र पाठवणं फोटोंना ठीक, गेमला मुळीच नाही.

सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटची सेटिंग मात्र मी हलवलेली नाही. आईला तिच्या मालिका गुळगुळीतच आवडतात.