प्रसिद्धीचा प्राणवायू तोडायचा कुणी?

जून १९८५. टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ८४७ हे विमान पळवून बैरूतला नेलं गेलं आणि ओलिसांच्या मुलाखती अमेरिकी वाहिन्यांवरून घराघरांत पोचल्या. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर लंडनमधल्या एका भाषणात म्हणाल्या की दहशतवादी ज्यावर जगतात तो प्रसिद्धीचा प्राणवायू तोडायला हवा. तेव्हा त्यांना माध्यमांकडून हवी होती ती फक्त स्वेच्छेची आचारसंहिता.

ऑक्टोबर १९८८ मध्ये मात्र त्यांच्याच सरकारने फर्मान काढलं. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेशी जोडलेला शिन फेन पक्ष आणि तिथल्या इतर काही संघटना, यांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. चेहरा चालेल, शब्दही चालतील, आवाज तेवढा नको! वाहिन्यांनी यातून पळवाट काढली. पडद्यावर ओठ हलायचे शिन फेनचे नेते गेरी ॲडम्स यांचे, आवाज यायचा भाड्याने आणलेल्या नटाचा. बंदीचं पार हसं झालं. तरी ती १९९४ पर्यंत टिकली.

मुंबईत २००८ साली प्रश्न आवाजाचा राहिला नव्हता. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपण घरबसल्या पाहत होतो, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही टीव्ही बघून आपल्या माणसांना फोनवर सूचना देत होते. पोलिसांनी टिपलेल्या त्या संभाषणांत ताजमध्ये आग लावण्याचा तगादा आहे: ज्वाळा दिसल्या की लोकांच्या मनात भीती बसेल, हा हिशेब. कसाब खटल्याच्या निकालात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना फटकारलं, की हे देशहित नव्हे, धंदा होता. २०१५ मध्ये केबल नियम बदलले आणि दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली.

या सगळ्या उपायांत एक गृहीत होतं: मध्ये कुणीतरी संपादक आहे, त्याला दटावता येतं. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदीत शिरलेल्या वंशवादी खुन्याला तो लागलाच नाही. त्याने स्वतःच हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत फेसबुकने त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती हटवल्या. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याचं नाव उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं, आणि बऱ्याच वृत्तसंस्थांनीही हात आखडता घेतला.

पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाने लिहून ठेवलं होतं की आपल्याला घडवलं ते याच चित्रफितीने. त्याचंही थेट प्रक्षेपण चालू होतं. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाने गोळीबार सुरू झाल्यावर दोन मिनिटांच्या आत ते तोडलं. तोवर प्रती निघाल्या होत्या.