मेथाली (स्वाहिली म्हणी)

पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील स्वाहिली भाषेतील म्हणी. ही संज्ञा अरबीतून आली असून एकवचनी व अनेकवचनी रूप एकच आहे. लामू, मोंबासा, झांझिबार ही या म्हणींची जुनी केंद्रे होत. केनिया व टांझानियात त्या शाळांमधूनही शिकवल्या जातात.

या म्हणींच्या मुळाबद्दल मतभेद आहेत. शब्दसंग्रहात अरबीचा भरणा दिसतो, त्यामुळे अनेक म्हणी अरबीतून उतरल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. पण ‘हाराका हाराका हाइना बाराका’ (घाईत बरकत नाही) ही सर्वांत परिचित म्हण या मताला अडचणीची ठरते. ‘हरकत’ (म्हणजे हालचाल) आणि ‘बरकत’ ही जोडी अरबीत व उर्दूत हालचालीची, उद्योगाची थोरवी सांगते. स्वाहिलीत ‘हाराका’चा अर्थ घाई असा झाला आणि म्हणीचा रोख उलटला. उतावळेपणाची निंदा करणारी वचने अरबीत आहेत, हे खरे. मात्र त्यांचे शब्द वेगळे आहेत. उसने शब्द म्हणजे उसना विचार नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणींची घडणही बांटू (स्वाहिली ज्यात मोडते त्या आफ्रिकी भाषाकुलाच्या) व्याकरणाची आहे. नेहमी घडणारी गोष्ट सांगताना क्रियापदाला ‘हु-’ लागतो आणि कर्त्याचा उपसर्ग गळतो. त्यामुळे वाक्य आटोपशीर होते : ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, म्हणजे थोडे थोडे करत किबाबा भरतो. किबाबा हे धान्याचे माप. आपल्याकडे चार शेरांची पायली, तशी तिकडे चार किबाबांची पिशी.

मौखिक असल्याने म्हणींचा काळ ठरवणे अवघड. मोंबासाचा कवी मुयाका बिन हाजी (सु. 1776–1840) याच्या रचनांत म्हणी गुंफलेल्या आढळतात, त्या त्याआधीपासून रूढ असाव्यात. छापील संग्रहांपैकी मोंबासातील मिशनरी टेलर याचा 1891 चा संग्रह महत्त्वाचा. पुढे 1930 च्या सुमारास झांझिबारची बोली प्रमाण ठरली आणि मोंबासाची जुनी रूपे मागे पडली.

विषयांत समुद्र ठळक आहे. ‘म्वेंदा तेझी ना ओमो, मारेजेओ नी न्गामानी’ : गलबताच्या मागच्या टोकाला जा की पुढच्या (नाळेकडे), परतायचे तळाशीच. पाहुणचाराबद्दलची म्हण व्यवहारी आहे : पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. (तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्याची ‘अक्कल जाई’ म्हणणारी मराठी म्हण इतकी कामाला लावणारी नाही.) हत्ती झुंजतात, चुराडा गवताचा होतो, ही म्हण अंतर्भागातील भाषांतही आढळत असल्याने मूळची किनाऱ्यावरची नसावी.

मेथालींचा एक वापर कापडावर होतो. बायका नेसतात त्या ‘कांगा’ या रंगीत वस्त्राच्या मधल्या भागात, खालच्या काठाच्या वर, एक ओळ छापलेली असते. तिला ‘जिना’ (नाव) म्हणतात. ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी पडली असावी. तिचे श्रेय बहुधा मोंबासाचे व्यापारी कादरदिना हाजी इसाक यांना दिले जाते. आरंभी हा मजकूर अरबी लिपीत असे, नंतर रोमन आली. त्यातली प्रत्येक ओळ म्हणच असते असे नाही. प्रेमाचे बोल आणि टोमणेही असतात. सवतीला किंवा शेजारणीला तोंडाने सुनावता येत नाही, ते तशी ओळ असलेला कांगा नेसून सुनावले जाते.