पार्श्वभूमी : शाळेची मदतफेरी आणि ‘खरी कमाई’चा घोळ

डिसेंबर उजाडला की शाळांमध्ये ध्वजदिनाची लगबग सुरू होते, कुठे पूर आला की मदतफेरी निघते, दिवाळीच्या आधी परिपाठात फटाक्यांचे पैसे वाचवून गरजूंना देण्याची शपथ होते. लहान मुलांना दुसऱ्याची कळकळ वाटावी म्हणून हे सगळे चालते, असे आज सांगितले जाते. पण बहुतेक उपक्रमांत आधी निधीची गरज होती, संस्काराचे नाव त्यांना मागाहून चिकटले. मुलांनी छोटी कामे करून पैसे मिळवण्याच्या ‘खरी कमाई’ या स्काउट उपक्रमात खाद्यपदार्थांचे स्टॉल लावावेत का, यासारखे आजचे निम्मे वाद त्यातूनच आले आहेत.

फार मागे गेले तर आपल्याकडे शिकणारे मूल घेणाऱ्याच्या बाजूला होते. माधुकरी मागणे, वार लावून जेवणे ही पुण्यातल्या गरीब विद्यार्थ्याची रीतच होती. देण्याची शिस्त वाढली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. माणशी वर्षाला एक पैसा अशा हिशेबाने पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेने मुष्टिफंड रुजवला. घरातली बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी आणि ते वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाला जाई. तिथली मुले फुकट जेवत नव्हती. शेतात, बांधकामावर राबून शिकत होती.

शाळकरी पोर स्वतः निधी मागत दारोदार फिरू लागले ते स्वातंत्र्यानंतर. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. क्षयरोग निवारणाची तिकिटे १९५० पासून २ ऑक्टोबरला विक्रीला निघू लागली. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळा केली त्यांना तो लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा कागदी झेंडा आठवेल. बाई वर्गात गठ्ठा मोजून देत, सोबत टाचण्या. खपले तेवढ्यांचे पैसे आणि उरलेले झेंडे परत, असा नियम. उरलेले झेंडे परत नेण्याची मात्र लाज वाटे, मग घरूनच पैसे भरले जात. वरून जिल्ह्याला उद्दिष्ट यायचे आणि ते वाटत वाटत पार चौथीच्या वर्गापर्यंत झिरपायचे. सर्वाधिक निधी आणणाऱ्या मुलाचे नाव परिपाठात पुकारले जाई. मोठ्या दुकानदाराचा मुलगा पहिला येणार, हे वर्गाला आधीच ठाऊक असे. सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी जमला, त्यात वावगे काही नाही. पण वर्गातल्या मुलांना त्यातून दातृत्व शिकवले की बापाची ऐपत मोजायला शिकवले, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

याच्या नेमके उलट तत्त्व होते ‘खरी कमाई’चे. ब्रिटनमधल्या स्काउटांनी १९४९ मध्ये एक आठवडा घरोघर छोटी कामे करून कामागे एक शिलिंग मिळवण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे १९५० मध्ये स्काउट चळवळीच्या वेगवेगळ्या संघटना एक झाल्या आणि पुढे तीच कल्पना या नावाने शाळांत रुळली. गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसातले सत्कृत्य झाले की सोडायची, ही त्याच परंपरेतली जुनी सवय. सत्कृत्याला मोबदला नसे, खऱ्या कमाईला असे. सायकल पुसून दे, गिरणीतून दळण आण, अंगण झाड, बूट पॉलिश कर; घरमालक कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही करी. आईबापांकडून हात पसरून आणलेला पैसा चालणार नाही, घाम गाळून मिळवलेलाच चालेल, हा त्यातला कणा होता.

घोळ दोन ठिकाणी झाला. एक म्हणजे हा पैसा मुळात पथकाच्याच खर्चासाठी होता, गरजूंना द्यायचा नव्हता. शाळांनी तो कधी पूरग्रस्तांना दिला, कधी वाचनालयाला, कधी सहलीला लावला. त्यामुळे ‘खरी कमाई’ हे स्वावलंबनाचे शिक्षण की दानाचे, याचे उत्तर शाळागणिक बदलत राहिले.

दुसरा आणि मोठा घोळ घराबाहेरची कामे सोडून शाळेच्या मैदानावर खाद्यपदार्थांचे स्टॉल लावण्याच्या निर्णयाचा. हा निर्णय कुणा एकाने एका दिवशी घेतलेला नाही, पण आज ‘खरी कमाई’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भेळ, वडापाव आणि लिंबू सरबताचीच टेबले येतात. भेळ आई करते, टेबल बाबा आणतात, मूल गल्ल्यावर बसते. नफा काढताना चुरमुऱ्यांचा खर्च धरतात, आईच्या पहाटेचा धरत नाहीत.

स्टॉलच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. अनोळखी घरात पोरांना कसे पाठवायचे? ब्रिटनमध्येही सुरक्षिततेच्या काळजीने तो जुना प्रकार १९९२ मध्ये बंद करावा लागला. आपल्याकडे आणखी एक अडचण होती आणि ती जास्त खोल होती. गावात कुणाच्या पोराने कुणाचे अंगण झाडायचे? ज्या घरातल्यांना पिढ्यान्‌पिढ्या झाडायलाच लावले, तिथल्या मुलाच्या हाती संस्कार म्हणून पुन्हा झाडू देण्यात कसली श्रमप्रतिष्ठा? मुलींच्या वाट्याला भांडी आणि निवडण-टिपण येई, ती तर त्या घरीही करत होत्याच. सुट्टीत खुरपायला जाणाऱ्या मुलाला खरी कमाई शिकवण्याची गरजच नव्हती. बालमजुरीचा १९८६ चा कायदा आणि २०१६ ची दुरुस्ती यांनंतर मुख्याध्यापक अशा कामांच्या वाटेला जायला आणखीच बिचकणार, हे ओघानेच आले. तरीही स्टॉल हा उपाय नव्हे, असे माझे मत आहे. काम कुणाच्या घरी करायचे हा प्रश्न होता. तो सोडवायचा सोडून कामच काढून टाकले. शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, सगळ्या मुलांना चिठ्ठ्या टाकून कामे वाटता आली असती.

मधल्या काळात सरकारी पातळीवर भाषा बदलत होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले दहा गाभाघटक, म्हणजे देशभरच्या अभ्यासक्रमात सामाईक असलेले घटक, स्वातंत्र्यलढा, संविधान, पर्यावरण, छोटे कुटुंब यांच्याभोवती फिरतात. कणव त्यांत नाही. राज्याच्या मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्या जोडीने संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता आली. संवेदनशीलतेला वेळापत्रकात जागा मिळाली खरी, पण तिचा तास झाला म्हणजे फळ्यावर सुविचार आणि एक बोधकथा. पुढे २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत संविधानातल्या मूल्यांवर बेतलेला एक कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर राज्यभर पसरला. त्याचा भर जोडीने, गटाने काम करण्यावर होता, निधी जमवण्यावर नव्हता.

आपत्तींनी वेगळाच धडा दिला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचा ओघ लागला, त्यात शाळाही मागे नव्हत्या. ‘घरातले जुने कपडे आणा’ ही शाळांतली ठरलेली सूचना असे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कुणी घेईना. आपल्याला नको ते दिले की मदत झाली, ही समजूत तिथे उघडी पडली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा भिजलेल्या दप्तरांच्या बदल्यात कोऱ्या वह्या, कंपासपेट्या गोळा झाल्या; म्हणजे समोरच्याला काय हवे, हे निदान विचारले गेले.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत उपक्रमांची दाटी झाली आहे. २००९ पासून २ ऑक्टोबरला जोडून दानाचा आठवडा साजरा होतो. २०१६ च्या सुमारास गावोगाव माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या; नको असलेले तिथे ठेवायचे, हवे असेल त्याने न्यायचे. चैत्यभूमीवर फुलांऐवजी वही-पेन आणण्याची हाक शाळांनीही उचलली. वाढदिवसाला चॉकलेट न वाटता वाचनालयाला पुस्तक द्यायची पद्धत अनेक ठिकाणी पडली. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला, त्यात नातेसंबंध हाताळण्यालाही जागा आहे.

एवढे असूनही शाळेने पैसे मागितले की पालक आधी सावध होतो, कारण ‘डोनेशन’ म्हटले की त्याला प्रवेशाच्या वेळचे पाकीट आठवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश देताना देणगी घ्यायला मनाई केली. मदतनिधीला केलेली नाही. हा फरक पालकसभेत नीट समजावणारे मुख्याध्यापक थोडे आहेत. बाकीचे स्टॉल लावून मोकळे होतात.