विहिरीतला दम समुद्रात चालत नाही

‘विहिरीत दोन मिनिटं दम धरतो ना, मग थायलंडात स्कूबा शिकवायची नोकरी पक्की,’ असं यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पट्टीच्या पोहणाऱ्या पोरांना सांगतात. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेत पाण्याखाली पोहण्यात, दम कधीच धरायचा नसतो. सिलिंडरमधून (त्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो, बहुतेकदा दाबून भरलेली साधी हवा असते) 10 मीटर खोलीवर घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. विहिरीत तुम्ही काठावरची हवा घेऊन सूर मारता, म्हणून तिथे हे होत नाही.

‘पॅडी’ या स्कूबा शिकवणाऱ्या जागतिक संस्थेच्या प्रशिक्षक-परीक्षेला आधी डाइव्हमास्टर (प्रशिक्षकाच्या आधीची पायरी) व्हावं लागतं, शिवाय नोंदवहीत 100 डाइव्ह (स्कूबाच्या डुबक्या) हवेत. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा. वर्क परमिट घ्याच. कमाई बहुतेकदा विद्यार्थ्यामागे मिळते, मंदीच्या हंगामात हात रिकामे राहतात.