ग्वेझी थांग की माहुआंग थांग? आधी मानेला हात लावून बघा

चिनी औषधांबद्दल वाचायला लागलं की या दोन काढ्यांत हमखास गोंधळ होतो, आणि तो होणारच, कारण दोन्ही गार वारं लागून आलेल्या सर्दी-तापाच्या अगदी सुरुवातीचे, दोन्हीत ग्वेझी म्हणजे दालचिनीच्या झाडाची कोवळी डहाळी (आपण मसाल्यात टाकतो ती साल नाही), दोन्हीत ज्येष्ठमध, आणि दोन्ही एकाच ग्रंथातले. हान घराण्याच्या शेवटी, इ.स. 200 च्या आसपास झांग झोंगजिंग या वैद्यांनी लिहिलेला शांगहान लुन. थांग म्हणजे काढा.

लक्षणंही तीच दिसतात, ताप, डोकेदुखी, थंडी. मग ओळखायचं कसं? तर घामावरून.

पेशंटच्या मानेला मागून हात लावा. मान ओलसर लागली, कॉलर दमट झालीये, ताप आहे पण वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, नाक वाजतंय, कोरड्या उमासेही येतात, नाडी वर लागते (म्हणजे हलकं बोट ठेवलं तरी जाणवते) पण सैल, तर तो ग्वेझी थांगचा पेशंट. आणि हात लावल्यावर कातडी कोरडी ठणठणीत, तापलेली, दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी जात नाही, कंबर आणि सांधे ठणकतायत, धाप लागतेय, नाडी वर लागते पण दोरीसारखी ताणलेली, तर माहुआंग थांग.

माहुआंग ही बिनपानाची वाटावी अशी गाठीगाठींची काडी, हिमालयातल्या सोमलतेची बहीणच म्हणा ना. तिचं काम बंद झालेला घाम जोर लावून बाहेर काढायचं. सोबत ग्वेझी, ज्येष्ठमध आणि धाप कमी करायला जर्दाळूच्या आतली बी, बस, चारच वस्तू. ग्वेझी थांगमधे पाच आहेत: ग्वेझी, पिओनीच्या फुलझाडाचं पांढरं मूळ, आलं, लाल बोरं, ज्येष्ठमध. इथे घाम आधीच गळतोय पण त्याने ताप उतरत नाहीये, म्हणून ग्वेझी बाहेर ढकलते आणि पिओनी आत धरून ठेवते, दोघींचं प्रमाणही ग्रंथात सारखंच दिलंय, तीन-तीन ल्यांग (हे वजनाचं जुनं चिनी माप). मला ही जोडी फार आवडते.

त्याहून आवडते ती घ्यायची पद्धत. ग्वेझी थांग प्यायल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची! हो, आपल्या कोकणात आजाऱ्याला देतात तशीच तांदळाची पेज. मग सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडायचं, अंगभर हलकासा घाम यायला हवा, पाण्यासारखा वाहता कामा नये, आणि एका डोसात बरं वाटलं तर उरलेला काढा घ्यायचाच नाही. माहुआंग थांगला पेज लागत नाही, पण ती काडी आधी एकटी उकळून वरचा फेस काढून टाकायचा आणि मग बाकीचं घालायचं.

उलटसुलट झालं तर? आधीच घाम गळणाऱ्या अशक्त माणसाला माहुआंग दिलं तर तो आणखी गळून जातो. आणि ताप आहे, घाम नाही, नाडी ताणलेली आहे अशाला ग्वेझी थांग देऊ नका, हे कायम लक्षात ठेवा, असं ग्रंथातच बजावलंय. घसा कोरडा पडलेल्याला तर घाम काढायचं औषधच द्यायचं नाही असंही त्यात आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर माहुआंगमधे इफेड्रिन असतं, जपानच्या नागाई नागायोशींनी ते 1885 मधे वेगळं काढलं. त्याने हृदयाचे ठोके आणि बीपी दोन्ही वाढतं, म्हणूनच अमेरिकेत 2004 मधे त्याची सप्लिमेंट्स बंद केली. ज्येष्ठमधही जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढवतं. त्यामुळे हे वाचून घरी उकळत बसू नका, प्लीज.

जपानमधे राहणाऱ्यांनी अजून एक बघा, तिथे औषधाच्या दुकानात सर्दीवर सर्रास मिळणारं काक्कोन्तो म्हणजे ग्वेझी थांगच्या पाचही वस्तू, वर कुड्झू वेलीचं मूळ आणि माहुआंग, तेव्हा बीपीची गोळी चालू असेल तर घेण्याआधी फार्मसिस्टला नक्की सांगा.