देशाचे साडेसहा टक्के आणि कोल्हापूरचा एक टन ऊस

मे महिना संपता संपता दरवर्षी टीव्हीवर एक आकडा झळकतो, देशाचा जीडीपी, म्हणजे वर्षभरात देशात झालेल्या मालाची आणि सेवांची बेरीज, अमुक टक्के वाढला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर दोन पार्ट्या पडतात. 2025 च्या मे अखेरीस आलेला आकडा होता 6.5 टक्के, 2024-25 या वर्षाचा. एक पार्टी म्हणणार बघा, जगात भारी. दुसरी म्हणणार मग आमच्या खिशात का दिसंना. भांडण रंगतं मस्त, पण तो आकडा नक्की कशाचा आहे हे बघायला कोण जात नाही, आणि खरं सांगायचं तर दोन्ही पार्ट्या आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तो आकडा खिसा मोजतच नाही.

मग मोजतो काय? त्यासाठी आपला ऊसच घेऊ, कारण आपल्याकडं एकच पीक शेती, कारखाना आणि धंदा अशा तिन्ही खात्यांतून फिरून येतं. समजा एक टन ऊस 3400 रुपयाला गेला (2024-25 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला 340 रुपये होती, 10.25 टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, आणि आपल्याकडची रिकव्हरी त्याच्या वरची असल्यानं दर वाढतो, मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, ते सगळं आत्ता बाजूला ठेवू). त्या टनासाठी शेतकऱ्यानं खत, तणनाशक, लाईटबिल, डिझेल मिळून समजा 1000 रुपये घातले. तर शेतीच्या खात्यात देश 3400 लिहीत नाही, 2400 लिहितो. खत ज्या कंपनीनं बनवलं तिच्या खात्यात ते आधीच आलंय ना. पुढं कारखान्यानं त्याच टनातून साखर, मळी, बगॅसवरची (चिपाडावरची) वीज असं मिळून समजा 4800 चा माल विकला, त्यातला ऊस 3400 चा, वर केमिकल, पोती, दुरुस्ती 400 ची, म्हणजे कारखान्यानं स्वतः घातलेली भर फक्त 1000. ही उद्योगाच्या खात्यात. मग साखर ट्रकनं गेली, व्यापाऱ्यानं विकली, त्यांची भर सेवा क्षेत्रात. प्रत्येकानं जेवढी भर घातली तेवढीच धरायची, नाहीतर तोच ऊस चार ठिकाणी मोजला जाईल आणि देश कागदावरच श्रीमंत होईल. ह्या भरीला जीव्हीए म्हणतात, सगळ्यांचे जीव्हीए जोडले, वर जीएसटीसारखे मालावरचे कर मिळवले, सबसिडी वजा केली की झाला जीडीपी. आकडे माझे समजा-चे आहेत पण रीत हीच.

आता ह्यात एक बारीक गंमत बघा. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला, आणि एफआरपी 2018-19 ची 275 होती ती 2024-25 ला 340 झाली. एफआरपी वाढली आणि साखर त्या मानानं वाढली नाही की त्याच एका टनातली भर कारखान्याच्या खात्यातून निघून शेतीच्या खात्यात जाते. देशाची बेरीज तेवढीच राहते. जयसिंगपूरला ऊसदरासाठी शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते, तिथं दरवर्षी जे भांडण चालतं ते म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत, ही भर कुठल्या खात्यात लिहायची, ह्याचंच आहे.

तर 2024-25 चा हिशोब. शेती आणि तिच्याबरोबरचं पशुपालन, मासेमारी वगैरे 4.6 टक्क्यांनी वाढलं, आदल्या वर्षी ते 2.7 होतं, म्हणजे पाऊस चांगला झाल्याचा परिणाम दिसला. कारखानदारी 4.5, आदल्या वर्षी 12.3. बांधकाम 9.4, सगळ्यात पुढं. सरकारी प्रशासन आणि तसल्या सेवा 8.9, बँका-विमा-प्रॉपर्टी-आयटी वगैरेंचा गट 7.2. सगळं मिळून जीव्हीए 6.4 नी वाढला आणि करांसकट जीडीपी 6.5 नी.

पण हे टक्के शेजारी शेजारी ठेवून वाचले की फसायला होतं, कारण प्रत्येकाचं वजन वेगळं. स्थिर किमतीत, म्हणजे भाववाढ काढून, धरलं तर त्या वर्षी शेतीचा हिस्सा साधारण 14-15 टक्के होता (आजच्या बाजारभावानं 18 च्या आसपास). म्हणजे शेती 4.6 नी वाढली तरी देशाच्या 6.4 मध्ये तिच्यामुळं आलेला भाग फक्त पाऊण टक्क्याच्या आत. सेवांचं वजन निम्म्याहून जास्त, त्यामुळं 6.4 मधले जवळपास 4 एकट्या सेवांनी आणले. आता दुसरा आकडा ह्याच्या शेजारी ठेवा, सरकारच्याच 2023-24 च्या श्रमबळ पाहणीनुसार देशातले 46 टक्के काम करणारे हात शेतीत आहेत. 46 टक्के हात, आणि 6.4 मधला वाटा पाऊण टक्का पण नाही. खिशात का दिसत नाही ह्याचं निम्मं उत्तर इथंच आहे, बाकीची कारणं नंतर. करवीर किंवा शिरोळ तालुक्यातल्या माणसाला बेंगळुरूच्या आयटी पार्कात झालेली वाढ जाणवायची कशी, त्याचा पोरगा तिथं नोकरीला असला तरच.

उरलेलं निम्मं उत्तर किमतीत आहे. 6.5 ही खरी वाढ, म्हणजे भाववाढ काढून टाकलेली. आजच्या भावानं मोजलं तर 2024-25 मध्ये जीडीपी 9.8 टक्क्यांनी वाढून 330 लाख कोटींच्या वर गेला. पण त्यातला भाववाढीचा भाग काढून 2011-12 च्या (तेव्हाच्या आधारवर्षाच्या) किमतीत सगळं मोजायचे, म्हणजे माल किती वाढला ते कळतं. इथं शेतकऱ्याची आणि आकड्याची वाट पार वेगळी होते. टोमॅटो भरपूर पिकला, भाव पडला, पोरांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले तरी कागदावर उत्पादन वाढलं, वाढीत प्लस. उलट एफआरपी वाढली, टनेज तेवढंच राहिलं, तर शेतकऱ्याच्या हातात पैसा जास्त आला पण खऱ्या वाढीत त्याचा पत्ता नाही. त्यामुळं 'शेती 4.6 नी वाढली' हे वाक्य शेतकरी सुधारला असं वाचायचं नाही, माल जास्त निघाला एवढंच वाचायचं. आणि हो, माणसंही वाढतात दरवर्षी, साधारण एक टक्का, तेवढं काढलं की माणशी वाढ साडेपाचच्या आसपास येते.

कारखानदारीचं 12.3 वरून 4.5 वर येणं हे मला ह्या सगळ्यात जास्त रंजक वाटतं, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना (लोखंड ओतून सुटे भाग करणाऱ्यांना) हे लगेच कळेल. समजा एका फौंड्रीनं वर्षाला 100 रुपयाचं कास्टिंग विकलं, त्यात स्क्रॅप, पिग आयर्न वगैरे 60 चं, भर झाली 40. पुढच्या वर्षी स्क्रॅप पडलं, तोच माल 50 ला आला, गिऱ्हाईकानं पण दर थोडा पाडून घेतला (गाडी कंपन्या ते सोडतात व्हय), कास्टिंग 95 ला गेलं. भर आता 45. नग तेवढेच पडले, एक पण जास्त नाही. म्हणजे खरी वाढ शून्य यायला पाहिजे. पण आपल्याकडं कारखानदारीच्या बाबतीत 2011-12 आधारवर्ष धरलेल्या आकड्यांच्या मालिकेत काय करायचे, तर बरीचशी भर घाऊक किमतींच्या एकाच निर्देशांकानं भागायची. समजा तो निर्देशांक पण 5 टक्क्यांनी पडला, तर 45 भागिले 0.95, आले 47 च्या वर. म्हणजे एक नग जास्त न पाडता फौंड्री 18 टक्क्यांनी 'वाढली'. बरोबर रीत अशी की विकलेल्या मालाची भाववाढ वेगळी काढायची आणि घेतलेल्या कच्च्या मालाची वेगळी, मग वजाबाकी करायची, शेतीच्या हिशोबात तसं करतात पण. 2023-24 मध्ये घाऊक किमतींचा वर्षाचा सरासरी दर शून्याच्या खाली होता, त्यामुळं त्या वर्षीचे 12.3 थोडे फुगलेले असावेत असं बऱ्याच अर्थतज्ज्ञांनी लिहिलं, आणि मला ते पटतं. मग पुढच्या वर्षी 4.5 दिसले तर भट्ट्या थंड पडल्या असंच नाही, आदल्या वर्षीची उंचीच जरा खोटी होती. आधारवर्ष 2022-23 करून मालिका नव्यानं बांधायचं सरकारनं ठरवलं त्यामागं ही तक्रार पण एक आहे.

आदल्या वर्षाची उंची किंवा खोली हा खेळ कोरोनात सगळ्यात जास्त दिसला. 2020-21 ला जीडीपी 5.8 टक्के घटला, पुढच्या वर्षी 9.7 वाढला. वाचणाऱ्याला वाटतं व्वा, पण 100 चे झाले 94.2 आणि त्याचे झाले 103.3, म्हणजे दोन वर्षांत मिळून साडेतीन टक्के पण नाहीत. त्या घटीच्या वर्षात शेती मात्र घटली नव्हती, उलट वाढली होती.

बरं, फौंड्री निदान कंपनी असते, ताळेबंद भरते. इचलकरंजीच्या यंत्रमागाचं काय? सहा-आठ माग टाकून शेडमध्ये बसलेला खर्चीवाला, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, ह्याला फक्त पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी. त्याची भर म्हणजे मजुरी वजा लाईटबिल, तेल, सुटे भाग. तो कुठं ताळेबंद भरणार. अशा छोट्या धंद्यांचं सरकार अधूनमधून सर्वेक्षण करतं, आणि जुन्या मालिकेत दोन सर्वेक्षणांच्या मधल्या वर्षांना काय तर दुसरे निर्देशक लावून आकडा पुढं सरकवायचा, आणि ह्यातले बरेच निर्देशक मोठ्या, संघटित धंद्याचे. म्हणजे मोठ्या गिरण्या जोरात तर छोटे माग पण जोरात असणार हे गृहीतच धरलेलं. नोटाबंदी, जीएसटी, कोरोना ह्या तिन्ही वेळी नेमकं उलटं होण्याचा धोका होता, मोठा टिकतो आणि छोटा बसतो. देशाच्या आकड्यावरची सगळ्यात वजनदार टीका हीच आहे असं माझं मत, बाकी राजकीय आरडाओरडा सोडून द्या. आता असंघटित धंद्यांची पाहणी दरवर्षी व्हायला लागलीय, त्यामुळं हे सुधारायला वाव आहे.

दुधाचा हिशोब मात्र बऱ्यापैकी चांगला होतो आणि इथं कोल्हापूरकरांना खूश व्हायला जागा आहे. देशाच्या शेतीच्या भरीत पशुपालनाचा वाटा आता जवळपास 30 टक्के आहे आणि किमतीत धरलं तर दूध हा शेतीतला सगळ्यात मोठा एकटा माल, भात किंवा गव्हापेक्षा मोठा. 2023-24 ला देशात 23.9 कोटी टन दूध निघालं. पाऊस कमी झाला तरी म्हैस रोज दूध देते, त्यामुळं खराब वर्षात शेतीचा आकडा तग धरतो तो बराचसा गोठ्यामुळं. संघाला घातलेलं दूध तर मोजतातच, कोल्हापुरातल्या गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून ग्लासात दिलेलं पण तत्त्वतः त्यात येतं, आणि घरी पोरांना पाजलेलं पण येतं, कारण जागतिक नियमच असा की वस्तू घरात वापरली तरी ती उत्पादन धरायची. पण त्याच दुधाचा आईनं चहा केला, ती मेहनत शून्य. तीच आई दुसऱ्याच्या घरी पगारावर स्वयंपाकाला गेली की लगेच जीडीपीत. नियम म्हणून ठीक आहे, मोजणार कसं हा प्रश्नच आहे, पण बायकांच्या कामाचा केवढा ढीग ह्या नियमाखाली गाडला जातो ते बघा.

महापुराचं पण असंच. 2019 चा ऑगस्ट, 2021 चा जुलै, पंचगंगेनं आंबेवाडी, चिखली बुडवली, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ बंद. बुडालेला ऊस तेवढा उत्पादनातून कमी होतो. पण पडलेलं घर, कुजलेली भांडीकुंडी, जळालेली मोटर हे जीडीपीतून वजा होत नाही, कारण जीडीपी वर्षात काय तयार झालं ते मोजतो, आधीचं काय गेलं ते नाही. आणि नंतर नवं घर बांधलं, नवी मोटर घेतली की ते प्लसमध्ये. पूरग्रस्ताला कर्ज, देशाला वाढ.

शेवटची गोष्ट, जी टीव्हीवाले सांगत नाहीत. हा आकडा एकदाच येत नाही. जानेवारीत पहिला अंदाज येतो, फेब्रुवारी अखेरीस दुसरा, मे अखेरीस तात्पुरता, आणि मग पुढची वर्षं त्यात दुरुस्ती चालू राहते. 2023-24 चंच बघा, जानेवारीत सांगितलं 7.3, फेब्रुवारीत 7.6, मेमध्ये 8.2, आणि पुढच्या फेब्रुवारीत झाले 9.2. सव्वा वर्षात जवळपास दोन टक्के फरक. ह्यात लपवाछपवी शोधायची गरज नाही, जानेवारीत सरकारकडं कंपन्यांचे पूर्ण ताळेबंद नसतात, रब्बीचं पीक अजून रानात असतं, आपल्याकडं तर गाळप पण निम्म्यावर असतं आणि ऊसतोडीच्या टोळ्या फडातच असतात, तरी बजेट जवळ आल्यामुळं त्यांना आकडा द्यावाच लागतो. म्हणून 6.5 वरून चहाच्या गाड्यावर पैज लावणाऱ्यांनी आधी हे ठरवून घ्यावं की कुठल्या महिन्यात छापलेला आकडा धरायचा.